ते आपण नंतर बोलू

रेकॉर्डिंग सुरू होऊन चौदा मिनिटं झालेली आहेत. मागे कुणीतरी हापसा हापसतंय, एक लहान मूल कुरकुरतंय. बाई सांगतायत, "खाडा पडला ना ताई, की मग…" आणि तेवढ्यात माझा आवाज येतो. मऊ, समजूतदार, पण घाईतला. "हो हो, ते आपण नंतर बोलू. आधी मला सांगा, ऑपरेशनचा निर्णय घरात कुणी घेतला?" हापशाचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो. मग त्या म्हणतात, "डॉक्टर म्हणले काढून टाका. काढली."

त्या मुलाखतीत ते 'नंतर' आलंच नाही. ही टेप मी पुण्याला परतल्यावर, हेडफोन लावून, लिहून काढायला बसले तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली. समोर बसून ऐकताना मला वाटलं होतं की मुलाखत छान झाली. सगळे प्रश्न विचारून झाले होते आणि सगळ्यांना उत्तरं मिळाली होती.

धारूर तालुक्यातल्या डोंगराच्या कडेच्या एका वस्तीवर ही मुलाखत झाली होती. दसरा उलटून गेला होता आणि अर्धं गाव कारखान्याला जायच्या तयारीत होतं. बीड जिल्ह्यात 'कारखान्याला जाणं' म्हणजे ऊसतोडीला जाणं. पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे, दिवाळीच्या आसपास जायचं आणि पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत यायचं. मुकादमाकडून हंगामाच्या आधी उचल घ्यायची आणि ती अंगमेहनतीने फेडायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. ती दोन माणसं असली तरी हिशेबात एकच नग असतो. हे सगळं मला माहीत होतं, वाचून.

आमचा अभ्यास होता ज्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाची पिशवी काढली गेली, त्यांच्याबद्दल. २०१९ च्या उन्हाळ्यात या विषयाच्या बातम्यांनी राज्य हादरलं होतं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातलं हेच प्रमाण, १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये, २.६ टक्के होतं. हे आकडे शेजारी ठेवले की पाहणीचं काम किती मोलाचं असतं ते कळतं. मोजलं नसतं तर कुणी ऐकलंच नसतं. पण मोजणी 'किती' ते सांगते. 'कसं' झालं, कोणत्या दिवशी कोण काय म्हणालं, मनात काय चाललं होतं, हे विचारायला माणसासमोर बसावं लागतं.

म्हणून अर्धसंरचित मुलाखती. आमच्या रोजच्या बोलण्यात 'सेमी-स्ट्रक्चर्ड'. सर्वेक्षणात प्रश्न, त्यांचा क्रम आणि बहुतेक वेळा उत्तरांचे रकानेही ठरलेले असतात. विचारणारी कुणीही असली तरी फरक पडू नये, हाच त्याचा हेतू. दुसऱ्या टोकाला मोकळ्या गप्पा असतात, त्यांना दिशा नसते. या दोन्हींच्या मधे ही पद्धत. हातात दहा-बारा मुद्द्यांचा कागद असतो, त्याला आम्ही गाइड म्हणतो. क्रम मोडायची, शब्द बदलायची, समोरचं माणूस ज्या वाटेने निघालंय त्या वाटेने जायची मुभा असते. ही मुभा वापरलीच नाही तर ती मुलाखत म्हणजे कमी प्रश्नांचं सर्वेक्षणच होऊन बसते. त्या चौदाव्या मिनिटाला माझ्या हातून नेमकं तेच झालं होतं.

या पद्धतीच्या जन्माची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. नोव्हेंबर १९४१, न्यूयॉर्क. रेडिओच्या श्रोत्यांवर संशोधन करणाऱ्या पॉल लाझार्सफेल्ड यांनी रॉबर्ट मर्टन या तरुण समाजशास्त्रज्ञाला सपत्नीक जेवायला बोलावलं आणि दारातूनच त्यांना रेडिओच्या स्टुडिओत नेलं. तिथे काही श्रोते एक कार्यक्रम ऐकत होते आणि आवडलं तर हिरवं, नावडलं तर लाल बटण दाबत होते. नंतर लाझार्सफेल्डांचा एक सहकारी त्यांना विचारू लागला, इथे लाल का दाबलंत, तिथे हिरवं का. मर्टन मागे बसून ऐकत होते आणि चिठ्ठ्या लिहून पुढे पाठवत होते. त्यांची तक्रार अशी, की विचारणारा नकळत उत्तराची दिशा सुचवतोय आणि लोक आपणहून जे म्हणू पाहतायत ते उकलून घेत नाहीये. पुढच्या गटाला तुम्हीच विचारा, असं लाझार्सफेल्ड म्हणाले. दोघांच्या बायका घरी जेवणासाठी खोळंबल्या. त्यातूनच पुढे १९४६ मध्ये मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांचा 'फोकस्ड इंटरव्ह्यू'वरचा लेख आला. अभ्यासक्रमात मी तो वाचला होता, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. माझ्या मुलाखतीच्या वेळी मागे बसून चिठ्ठी पाठवणारं मात्र कुणी नव्हतं.

गाइड तयार करायला आम्हाला दोन महिने लागले होते. पहिला मसुदा इंग्रजीत, मग मराठीत. मराठीतलं पहिलं रूप इतकं शुद्ध होतं की ते कुणालाच कळलं नसतं. 'गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आपणांस कोणत्या तक्रारी होत्या?' केज तालुक्यात एका आशाताईंना तो कागद दाखवला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, 'पिशवी' म्हणा. आणि 'तक्रारी' म्हणू नका, बायांना वाटंल पोलिसाचं काम हाय. 'काय त्रास होत होता' असं विचारा." आम्ही तसं केलं. पाळीला 'अडचण' म्हणायला शिकलो, नवऱ्याला 'मालक'.

शब्द बदलले, पण प्रश्नांमागची समजूत तीच राहिली होती, हे ध्यानात यायला फार वेळ लागला. 'निर्णय कुणी घेतला?' या प्रश्नाचंच घ्या. त्यात गृहीत असं आहे की कुठल्यातरी एका दिवशी कुणीतरी एकाने काहीतरी ठरवलं. तुम्ही, मालक, सासू, डॉक्टर. बायका या प्रश्नाला एका ओळीत उत्तर द्यायच्या आणि ते जवळजवळ नेहमी "डॉक्टर म्हणले" हेच असायचं. ते खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणालेच होते. कितीतरी जणींना "कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती, हे त्यांच्या तोंडून मी पुन्हापुन्हा ऐकलंय आणि त्याचा संताप आजही येतो. पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत त्या कशा पोचल्या, हे त्या एका ओळीत मावत नव्हतं. माझा प्रश्न त्यांना थेट पायरीवर नेऊन उभा करत होता.

सालांचंही तसंच. 'शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली?' असं विचारलं की चेहरे ओशाळायचे. शाळेत नापास झाल्यासारखं वाटायचं त्यांना, आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच असं वाटलं की पुढचा तासभर माणूस जपून बोलतं. मग मी वर्ष विचारणं बंद केलं. "लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्याच्या आधी की नंतर?" असं विचारायला लागले. म्हाताऱ्या बायकांशी बोलताना बहात्तरचा दुष्काळ, नाहीतर किल्लारीचा भूकंप. एक मावशी लगेच म्हणाल्या, "भूकंपाच्या वक्ताला माझं थोरलं अंगावर पीत होतं." झालं, १९९३ साल पक्कं झालं, आणि मावशींना आपण काहीतरी बरोबर सांगितल्याचं समाधानही मिळालं. हे छोटं वाटेल, पण मुलाखतीत कोण परीक्षा घेतंय आणि कोण देतंय, हे अशाच ठिकाणी ठरतं.

तर, पहिल्या तेरा मुलाखती झाल्या आणि माझ्या वहीत मी लिहिलं: 'नवीन काही येत नाही. सॅच्युरेशन?' गुणात्मक संशोधनात हा मोठा शब्द आहे. नव्या मुलाखतीतून नवं काही हाती लागेनासं झालं की थांबायचं. ही कल्पना बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या पुस्तकातून आली. पुढे २००६ मध्ये ग्रेग गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून दाखवलं, की त्यांच्या अभ्यासात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. तेव्हापासून 'बारा' हा आकडा आमच्या क्षेत्रात नको इतका पक्का बसलाय. प्रस्तावात बारा लिहिलं की कुणी हरकत घेत नाही. माझ्या तेरा झाल्या होत्या. मी निश्चिंत होते.

आणि मग ती टेप ऐकली.

टेप लिहून काढण्याचं काम बहुतेक ठिकाणी बाहेर देतात. पैसे देऊन ट्रान्सक्रिप्ट करून घेतात. माझं मत विचाराल तर निदान पहिल्या पाच-सहा तरी मुलाखत घेणाऱ्यानेच लिहून काढाव्यात. एका तासाच्या टेपला सहा-सात तास लागतात. पाठ दुखते. पण दुसऱ्या कुणी लिहून दिलेल्या कागदावर माझं 'ते आपण नंतर बोलू' हे वाक्य इतर वाक्यांसारखंच एक वाक्य दिसलं असतं. कानांनी ऐकलं तेव्हा मला त्या वाक्यानंतर बाईंचा आवाज खाली गेलेला ऐकू आला. त्याच्या आधी त्या सांगत होत्या. त्याच्यानंतर त्या उत्तरं देत होत्या.

मी मागे गेले आणि बाकीच्या बारा टेपा काढल्या. नुसता एकच शब्द शोधत ऐकल्या: खाडा. तेरापैकी नऊ जणींनी तो शब्द उच्चारला होता. कुणी पाळीबद्दल बोलताना, कुणी लेकराच्या तापाबद्दल, एकीने तर दवाखान्याचा खर्च सांगता सांगता. आणि प्रत्येक वेळी मी, माझ्या त्याच मऊ आवाजात, त्यांना गाइडवर परत आणलं होतं. एका ठिकाणी तर "बरं, खाड्याचं राहू दे" असं म्हटलंय. म्हणजे नवीन काही येत नव्हतं हे खरंच होतं. ज्या दारातून ते यायचं, ते दार मी दर वेळी स्वतःच्या हाताने लावून घेत होते.

खाडा म्हणजे सुट्टी, असं मी समजत होते. 'रजा', 'नागा' यांच्या पंगतीतला शब्द. एवढा साधा अर्थ ठाऊक आहे म्हटल्यावर त्याबद्दल काय विचारायचं? आपल्या ओळखीचा शब्द समोरच्याच्या तोंडी आला की कान टवकारायला हवेत, ते माझ्या कानांनी केलं नाही.

त्या बाईंकडे परत जावंसं वाटलं. पण दिवाळी होऊन गेली होती, दारात फक्त म्हातारी सासू आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलगी. "कारखान्याला गेलेत. पट्टा पडल्यावर येतील." म्हणून मग मीच कारखान्याच्या बाजूला गेले. त्यांच्याकडे नाही, त्या नेमक्या कुठे होत्या ते सापडलं नाही. सांगली जिल्ह्यात दुसऱ्या एका टोळीच्या तळावर.

घरात घेतलेली मुलाखत आणि तळावर घेतलेली मुलाखत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तळ म्हणजे कोप्यांची रांग. बांबूच्या कमानी, वरून चटया आणि प्लास्टिकचा कागद. आत वाकून जावं लागतं. पुस्तकात 'एकांत मिळेल अशी शांत जागा निवडावी' असं लिहिलेलं असतं. इथे दोन कोप्यांच्या मधे हातभर अंतर, आणि भिंत प्लास्टिकची. मुकादम येऊन मोटारसायकलवर बसून राहायचा, काय चाललंय बघत. त्याच्यासमोर मी फक्त वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भाव विचारायचे, स्वयंपाकाला पाणी कुठून आणता, तेवढंच. तो कंटाळून गेला की मग पुढचं. कधीकधी तो जायचाच नाही आणि तो दिवस तसाच संपायचा. खऱ्या गप्पा व्हायच्या त्या धुणं धुताना कॅनॉलवर, नाहीतर पहाटे.

संमतीचा कागद मी तिथेच मोडीत काढला. नियमाप्रमाणे मुलाखतीआधी माहितीपत्रक वाचून दाखवायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. मी शाईचं पॅड पुढे केलं आणि समोरच्या बाईंनी हात पदराखाली घेतला. "अंगठा नाय द्यायची ताई. एका कागदावर दिलाय, तो अजून फिटला नाय." उचलीचा करार अंगठ्यावरच होतो. ज्या खुणेने त्या सहा महिन्यांसाठी बांधल्या गेल्या होत्या, तीच खूण मी त्यांच्याकडे मागत होते, आणि तीही त्यांच्या हक्कांचं रक्षण व्हावं म्हणून. आम्ही एथिक्स कमिटीला कळवलं आणि तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी घेतली. कमिटीने ती दिली, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. 'कधीही नको वाटलं तर हात वर करा, मी बंद करेन' असं सांगायचे आणि बटण कुठलं तेही दाखवायचे. दोघींनी ते मधेच दाबलं. ती दोन्ही रेकॉर्डिंग आम्ही पुसून टाकली.

गाइड मी तळावर जायच्या आधी नव्याने लिहिला होता. अकरा प्रश्नांचे सहा झाले. पहिलाच: "काल पहाटे उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत काय काय केलं ते सांगा." आणि 'निर्णय कुणी घेतला' च्या जागी: "ज्या दिवशी दवाखान्यात गेलात, त्या दिवसाचं सांगा. घरून निघालात तिथपासून." बस. हा प्रश्न विचारून गप्प बसायचं. गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. समोरचं माणूस थांबलं की मदत म्हणून आपण शब्द पुरवतो, आणि आपले शब्द घेऊन ते पुढे जातं. मी बोटं मोजायचे, मनातल्या मनात दहापर्यंत. सातव्या-आठव्या आकड्याला बहुतेक जणी पुन्हा बोलू लागत.

"काल पहाटे" या प्रश्नाने जे मिळालं ते मला कुठल्याच अहवालात भेटलं नव्हतं. तीनला उठायचं, चूल, भाकरी, पाणी, अंधारातच फडावर. मालक तोडतो, बाई पाला काढून मोळी बांधते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत, कधी फळीवरून ट्रकवर चढून. रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की उठून भरणी. या सगळ्यात अडचणीचे दिवस. "कापड बदलायला आडोसा कुठाय? फडात उसाच्या सऱ्यात. धुवायला पाणी? रात्रीच." आणि मग, कुणी न विचारता: "आन् त्या दिवसात उठवलं नाय, तर खाडा."

या वेळी मी विचारलं, "खाडा म्हणजे कसा, मला नीट समजावून सांगा."

ती बाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असेल. भाकरी थापत होती. तिने पिठाच्या हाताने परातीच्या कडेवर एक रेघ ओढली. हा एक कोयता. मग रेघेच्या बाजूला बोट टेकवलं. मी बसले, तर मालकाला मोळी कोण बांधून देणार? म्हणजे तोही बसला. दोघं बसले म्हणजे कोयता बसला. मजुरी तर गेलीच, वर मुकादम दंड धरणार. त्यांच्या टोळीत दिवसाला ५०० रुपये. तो आत्ता मागत नाही, उचलीत चढवतो. पट्टा पडला की हिशेबाला बसतात तेव्हा कळतं की अजून इतके बाकी. बाकी राहिली की पुढच्या वर्षी पुन्हा याच मुकादमाकडे. तिने बोटाने रेघ पुसली आणि भाकरी तव्यावर टाकली. सगळं सांगायला तिला दोन मिनिटंही लागली नसतील.

सुट्टी घेतली की पैसे मिळत नाहीत, हे कुठल्याही रोजंदारीवरच्या माणसाला लागू आहे. खाडा त्याहून वेगळा. तो कर्ज आहे. न केलेल्या कामाची किंमत बाईच्या अंगावर लिहिली जाते. शिवाय नवऱ्याचा दिवसही तिच्याच पोटदुखीमुळे बुडाला, हा भार वेगळा. तळावरच्या मुलाखतींनंतर मी जेव्हा कोडिंग करायला बसले, म्हणजे प्रत्येक उताऱ्याला विषयाची खूण लावायला, तेव्हा 'आरोग्याच्या तक्रारी' आणि 'आर्थिक ताण' असे जे दोन वेगळे गठ्ठे आम्ही आधी केले होते, ते वेगळे ठेवणं अशक्य झालं. एकाच वाक्यात दोन्ही असायचे. गठ्ठे आम्ही केले होते; बायकांच्या बोलण्यात ते नव्हतेच.

भाषेचा आणखी एक घोटाळा इथे सांगते, कारण तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. अहवाल इंग्रजीत होता, त्यामुळे उताऱ्यांचं भाषांतर व्हायचं. एक बाई म्हणाल्या होत्या, "अंगावर पांढरं जायचं, ते अंगावरच काढलं चार वर्षं." पहिल्या 'अंगावर' चा अर्थ वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. पांढरं पाणी जाण्याचा त्रास, आणि तो उपचार न करता सोसणं. भाषांतर करणाऱ्याने दुसऱ्या भागाचं 'दुर्लक्ष केलं' असं केलं. किती बारीकसा फरक आहे, पण 'दुर्लक्ष केलं' म्हटलं की दोष बाईचा होतो. अंगावर काढणाऱ्या माणसाचं दुखण्याकडे क्षणभरही दुर्लक्ष नसतं. सगळं लक्ष तिथेच असतं, फक्त इलाज नसतो. या एका क्रियापदासाठी मी बैठकीत अर्धा तास भांडले. शेवटी मूळ मराठी वाक्य देवनागरीत तसंच छापायचं आणि खाली अर्थ द्यायचा, असं ठरलं. ते माझ्या मते त्या अहवालातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

आणि रेकॉर्डर बंद केल्यानंतरचं बोलणं. हे प्रत्येक मुलाखत घेणाऱ्याला माहीत असतं. यंत्र बंद केलं, पिशवी उचलली, चप्पल घातली, की बाई म्हणतात, "एक सांगू का…" आणि जे सांगतात ते ऐकून पाय तिथेच थांबतात. काही सहकारी ते घरी जाऊन वहीत उतरवतात आणि वापरतात. मी त्या क्षणी विचारते, "हे मी लिहू का?" बऱ्याच जणी 'नको' म्हणतात. ते मी लिहिलेलं नाही, इथेही नाही. अभ्यासाचं त्यात नुकसान झालं असेल. होऊ दे.

मे महिन्यात मी धारूरला परत गेले. पट्टा पडून माणसं आली होती. त्या पहिल्या बाई अंगणात तुरीच्या काड्या मोडून चुलीसाठी रचत होत्या. मला ओळखलं त्यांनी. काळ्याशार झाल्या होत्या आणि उठताना गुडघ्यावर हात टेकत होत्या. चहा झाला. मी म्हटलं, "मावशी, दिवाळीच्या आधी आपण बोललो तेव्हा तुम्ही मला खाड्याचं काहीतरी सांगत होतात. मी मधेच तोडलं. ते राहिलंय माझं ऐकायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काडी हातातच होती. "तुमच्या ध्यानात हाय व्हय?" म्हणाल्या. मी रेकॉर्डर काढून दोघींच्या मधे ठेवला, विचारलं, त्या 'चालू द्या' म्हणाल्या. मग मी काहीच विचारलं नाही.

त्यांनी डाव्या हाताच्या बोटांची पेरं मोजायला घेतली. अंगावरून फार जायचं, महिन्याला निदान दोन दिवस उभंच राहवत नव्हतं. म्हणजे दोन खाडे. सहा महिने फडावर, बारा खाडे. एका खाड्याला पाचशे. बारा पाचशे सहा हजार, मजुरी बुडायची ती वेगळी. ऑपरेशनला तीस हजार लागतील म्हणून दवाखान्यात सांगितलेलं. ते मुकादमच देणार होता, उचलीत धरून. "मग मी रात्री मालकाला म्हणलं, बघा, पाच पट्ट्यात फिटतंय. सहाव्या सालापासून तेवढं तरी आपल्या पदरात पडंल. ते म्हणले, तुझं तू बघ. मी बघितलं." डॉक्टर काढून टाका म्हणाले, ते त्याच्यानंतर. त्या तिथे जायच्या आधीच, कोपीत पडल्या पडल्या, पेरांवर हा हिशोब मांडून बसल्या होत्या.

"आणि फिटलं का, मावशी?"

"आता कंबर धरती. मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती. खाडे पडत्यातच." पेरांवरचा अंगठा तसाच होता. "ते कंबरेचे. त्यांचं मी धरलंच नव्हतं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत. त्यांनी काड्यांचा ढीग बाजूला सारला आणि माझ्या वहीकडे बोट केलं. "काय लिहिलं, वाचा बरं."

मी वाचून दाखवलं. महिन्याला दोन खाडे, सहा महिने, वर्षाला बारा.

"बारा नका लिहू," त्या म्हणाल्या. "त्या साली लेकरू तापलं होतं, दोन दिवस मी त्याच्यापाशी बसले. ते बी माझ्याच नावावर धरले होते. चौदा लिहा."

मी बारा खोडून चौदा लिहिलं आणि वही त्यांच्यासमोर धरली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्यांनी आकड्यावर बोट ठेवून बघितलं आणि मान हलवली.